आधी पाणी दाखवा

आमच्या बाई सगळ्यांना 'अहो' म्हणायच्या. शिपायांना अहो, संचालकांना अहो, कुरिअर घेऊन येणाऱ्या पोरालाही अहो. एकदा प्रयोगशाळेतला मोठा फ्रीज बंद पडला, तर त्याच्यासमोर उभं राहून "अहो, झालंय तरी काय?" असं विचारताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. हे सगळं प्रेमाचं होतं. भीती वाटायची ती 'आपण'ची. बाई चिडल्या की आवाज खाली यायचा, चष्मा वर जायचा आणि 'अहो'चं 'आपण' व्हायचं. "आपण थोर आहात," एवढं बोलून त्या वळल्या की समजायचं, आजचं सगळं काम कचऱ्यात. पहिल्यांदा मला हे ऐकायला मिळालं तेव्हा मी चक्क "थँक्यू मॅडम" म्हणाले होते. नवीन होते ना! चंद्रपूरहून पुण्यात आलेल्या माणसाला इथलं कौतुक कुठलं आणि टोमणा कुठला, हे कळायला वेळ लागतो.

नावानं हाक मारणं त्यांना जमायचं नाही. माणूस जिथला, तेच त्याचं नाव. मी चंद्रपूरची, पण एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून माझ्या गावाचं जुनं नाव शोधून काढलं आणि मी झाले 'चांदा'. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा येरवड्याचा. तो 'येरवडा'. सकाळी तो उशिरा आला की बाई दारातूनच विचारायच्या, "काय हो चांदा, येरवडा अजून सुटला नाही का?" तोही काही कमी नव्हता. म्हणायचा, "मॅडम, आमचं खानदान पणजोबांपासून येरवड्यात आहे, पण भिंतीच्या बाहेरच्या बाजूला." यावर बाई हसायच्या नाहीत. "नोंद घेतली," म्हणायच्या आणि पुढच्या उशिराला पुन्हा तेच विचारायच्या.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मलेरियाचा परजीवी, म्हणजे डासातून रक्तात शिरणारा तो जंतू, औषधाला दाद देईनासा होतो. कसा? तर त्याच्या जनुकात एखादी बारीकशी जागा बदलते. बदललेला तो एक जण औषधातून वाचतो आणि मग त्याचीच पिलावळ वाढते. ती बदललेली जागा म्हणजे खूण. कुठल्या भागात कुठली खूण दिसते आहे, ते शोधत बसायचं, हा आमचा धंदा. लांबलांबच्या आरोग्य केंद्रांतून रुग्णाच्या बोटातला रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर वाळवून आमच्याकडे येई. आम्ही त्यातून छोटीशी चकती कापायची, तिच्यातून परजीवीचा डीएनए काढायचा, पीसीआरच्या यंत्रात तो वाढवायचा आणि खूण आहे की नाही ते बघायचं. करोनानंतर पीसीआर शब्द पानवाल्यालाही माहीत झालाय, त्यामुळे तेवढं बरं आहे. आधी मी घरी सांगायचे तर आईला वाटायचं, मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला आहे.

कुणी परजीवीचं कौतुक केलं की बाई वैतागायच्या. एकदा एका पाहुण्या प्राध्यापकानं भाषणात "हा अतिशय हुशार शत्रू" असं म्हटलं. बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "हुशार नाही हो तो. तो फक्त पुष्कळ आहे." प्राध्यापक घोटभर पाणी प्यायले. मला ते वाक्य फार आवडलं, कारण खरंच तसं आहे. त्याला काही ठरवता येत नाही. कोट्यवधी असतात, त्यातला एखादा चुकून वेगळा निघतो आणि आपल्या औषधामुळे त्याचं फावतं. बाई म्हणायच्या, तो चुकून वाचतो, आपण चुकून मरायचं नाही, एवढंच आपलं काम.

आता पाण्याचं. या कामातला खरा वैरी म्हणजे मळ. पीसीआर इतकं चिकट यंत्र आहे की कालच्या कामाचा एक कण जरी आजच्या नळीत पडला, तरी ते त्याच्या कोट्यवधी प्रती काढून ठेवतं. मग जे रुग्णात नाही ते रुग्णात दिसायला लागतं. म्हणून दर वेळी एका नळीत रक्ताऐवजी नुसतं पाणी घालायचं. पाण्याच्या नळीत काही दिसलं, तर समजायचं की मळ आहे, सगळं फेकून द्या. हे सगळीकडेच करतात. पण आमच्या बाईंचं त्याच्याशी लग्न लागलं होतं. तुम्ही धावत जा, "बाई, सापडलं!" म्हणून ओरडा, त्या वर न बघता म्हणणार, "आधी पाणी दाखवा." नव्या मुलांना तर त्या कित्येक आठवडे नुसतंच पाणी तपासायला लावायच्या. रक्त नाही, परजीवी नाही, पाणी आणि पाणी. माझ्या पाण्यात पहिल्याच दिवशी मलेरिया निघाला. बाईंनी यंत्राच्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो चांदा, तुमच्या हातचं पाणी प्यायला नको बरं का कुणी." मी वसतिगृहावर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी.

खोल्यांचाही कायदा होता. पुढच्या खोलीत रक्त उघडायचं, मागच्या खोलीत वाढवलेला डीएनए बघायचा. पुढून मागे जायला परवानगी, मागून पुढे यायला त्या दिवशी बंदी. मागे जाऊन आलेल्यानं घरी जायचं, अंघोळ करायची, उद्या यायचं. मागच्या दारावर बाईंच्या हातची पाटी होती: 'मागून पुढे येऊ नये. आल्यास कारण सांगू नये, कारण ते पटणार नाही.' एकदा संचालक साहेब मागच्या खोलीतून बोलत बोलत पुढच्या खोलीकडे निघाले. बाईंनी दारात आडवा हात धरला. साहेब म्हणाले, "अहो बाई, मी संचालक आहे." बाई म्हणाल्या, "ते डीएनएला माहीत नाही." साहेब मुकाट्यानं बागेतून वळसा घालून आपल्या खोलीत गेले.

अशा बाई बाहेरही तशाच. येरवड्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मांडवात बिर्याणी वाढत होते, सनई वाजत होती आणि नवरीच्या मामांच्या मानेवर डास बसला. मामांनी हात उगारला. बाईंनी तो वरच्या वर पकडला! "मामू, हलू नका." पर्समधलं भिंग काढलं आणि भर पंगतीत त्या माणसाच्या मानेवर वाकल्या. मलेरियाचा डास शेपूट वर करून तिरका बसतो, बाकीचे सरळ बसतात, हे बघायचं होतं त्यांना. मामू बिचारे श्वास रोखून बसलेले, आजूबाजूला बायकांचा घोळका. थोड्या वेळानं बाई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "शेपूट खाली आहे. ही मादी आपली नव्हे. मारा." मांडवभर हशा पिकला. ते मामू अजून भेटले की "मच्छरवाल्या मॅडम कशा आहेत?" विचारतात.

राहायला बाई नारायण पेठेत, दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. "वेळ होता, इच्छा होती, पण समोरचे सगळे हुशार निघाले," असं त्याचं कारण सांगायच्या. वडील शहर बसमध्ये कंडक्टर होते, स्वारगेट ते खडकवासला या मार्गावर. त्यांचा तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा बाईंनी जपून ठेवला होता, आणि नुसता जपला नव्हता, वापरात ठेवला होता. रक्ताच्या वाळलेल्या थेंबातून गोल चकती कापायला बाजारात चांगले पंच मिळतात. आमच्या कपाटात नवेकोरे पडले होते. पण महत्त्वाचे नमुने आले की बाई स्वतः बसायच्या आणि वडिलांच्या चिमट्यानं चकत्या कापायच्या. त्याला स्पिरिट लावायच्या, ज्योतीवर धरायच्या, दर नमुन्यानंतर कोऱ्या कागदात चार-दोन भोकं पाडून तो पुसून घ्यायच्या. त्या कोऱ्या चकत्या कचऱ्याच्या डब्यात. दुसऱ्या कुणी त्या चिमट्याला हात लावायचा नाही. विचार करतानाही तो हातात असायचा आणि खोलीभर कट कट कट आवाज चालायचा. आम्ही म्हणायचो, बाईंच्या डोक्यात कुणीतरी तिकिटं काढतंय.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

माझी ताई आमच्याकडच्या जंगलपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिकडे मलेरिया म्हणजे घरचाच. पण त्या वर्षी ताई फोनवर काही वेगळंच सांगायला लागली. ताप येतो, गोळ्या घेते, दोन दिवसांत उठून शाळेत जाते आणि महिना होत नाही तोच पुन्हा थंडी वाजून आडवी. "गोळ्या पूर्ण घेते गं मी," ती म्हणायची. "तरीही येते. आता तर चालताना धाप लागते." तिथल्या आरोग्य केंद्रावर एक तरुण डॉक्टर होता, साताऱ्याकडचा, नवीनच लागलेला. त्याच्याही हे लक्षात आलं होतं. वर कळवलं तर उत्तर आलं की लोक गोळ्या अर्ध्यात सोडतात, त्यांना समजावून सांगा. तो स्वतः समोर उभं राहून गोळ्या गिळवायला लागला, तरी ताप परत येई. तेव्हा त्यानं बाईंना फोन केला आणि प्रत्येक रुग्णाचे दोन-दोन कागद पाठवले, एक पहिल्या तापाचा, एक परतलेल्या तापाचा. नमुन्यांवर नावं नसतात, पण त्यात एक थेंब माझ्या ताईचा असणार हे मला माहीत होतं.

बाईंनी आधी हेच बघायला लावलं की परतलेला परजीवी जुनाच आहे, की डासानं नवा आणून सोडलाय. "नवा पाहुणा की जुनाच भाडेकरू?" त्या म्हणाल्या. जुनाच भाडेकरू निघाला. म्हणजे औषधानं तो मेलेलाच नव्हता. मग बाईंनी स्वतः कापलेल्या चकत्यांतून आम्ही खुणा शोधायला घेतल्या.

मलेरियाला दोन औषधांची जोडी देतात. बाई ती अशी समजावायच्या: पहिलं औषध केर काढतं, दुसरं फरशी पुसतं. पहिलं झपाट्यानं बहुतेकांना मारतं आणि शरीरातून निघून जातं. दुसरं मागे रेंगाळतं आणि उरल्यासुरल्यांना संपवतं. जगभर भीती आहे ती पहिलं औषध हातचं जाण्याची. त्याची खूण आपल्याकडे सापडली, तर पुढे काय करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नाही.

आणि ती सापडली! माझ्याच हातून. पडद्यावर आलेखात साध्या परजीवीचं मोठं शिखर होतं आणि त्याच्या शेजारी, जिथे काही नसायला हवं तिथे, बदललेल्याचं छोटं शिखर. एका रुग्णात नाही, ओळीनं कितीतरी रुग्णांत. मी पाणी बघितलं. पाणी स्वच्छ. पुन्हा बघितलं. आरशासारखं स्वच्छ. मी बाईंकडे गेले आणि "सापडलं" म्हणायच्या आधी पाणी पुढे केलं. बाईंनी पाणी बघितलं, मग आलेख बघितले, आणि ते पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतले. मला आनंद झाला होता, आणि त्यातला एक थेंब ताईचा आहे हेही आठवत होतं.

संचालकांच्या कानावर गेलं. मग काय विचारता! आपल्या राज्यात पहिल्यांदाच, आपल्या संस्थेत, असं सुरू झालं. दिल्लीहून तज्ज्ञांची समिती येणार, त्यानंतर पत्रकार परिषद. बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. एवढा मोठा शोध लागल्यावर मुदतवाढ नक्की, असं साहेब स्वतःच बोलून गेले. मला वाटलं, बाई खूश होतील. त्या दुपारी डबासुद्धा न खाता प्रयोगशाळेत परत आल्या, आलेखांचे सगळे कागद जमिनीवर मांडायला घेतले आणि मला म्हणाल्या, "नळ्या स्टँडमध्ये ज्या क्रमानं उभ्या आहेत, त्याच क्रमानं लावा."

मी लावले. बाई चप्पल काढून कागदांच्या कडेनं चालत गेल्या. मग मला म्हणाल्या, "अहो चांदा, इकडून बघा." मी बघितलं. ते छोटं शिखर पहिल्या कागदावर सर्वांत उंच होतं, दुसऱ्यावर जरा कमी, तिसऱ्यावर आणखी कमी, आणि असं पर्वतीच्या पायऱ्या उतरावं तसं उतरत उतरत शेवटच्या कागदांवर नाहीसं झालं होतं.

"रुग्णांना काय माहीत," बाई म्हणाल्या, "आपण कुणाच्या कागदाला आधी भोक पाडलं ते?"

मी भांडले त्यांच्याशी, हो! "पाणी स्वच्छ आहे, बाई! तुम्हीच म्हणता ना, आधी पाणी? मग पाणी स्वच्छ आहे की!" माझा आवाज चढला होता. येरवडा हातातलं काम सोडून दारात येऊन उभा राहिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी चिमट्यातून गेलं होतं का?"

नव्हतं गेलं. पाणी सरळ नळीत जातं, त्याला चकती लागतच नाही. एवढी वर्षं आम्ही पाण्याची परीक्षा घेत होतो आणि चिमट्याची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. तो बाईंचा होता, त्यांच्या वडिलांचा होता, त्याच्यावर शंका कोण घेणार?

मग त्यांनी कोरा फिल्टर पेपर घेतला, आत काही अडकलं असेल तर सुटावं म्हणून चिमटा टेबलावर आपटला, त्यानंच चकत्या कापल्या आणि मला दिल्या. मी त्या रुग्णाच्या चकत्यांसारख्याच तपासल्या. निकाल आला, आणि काय सांगू, कोऱ्या कागदाला मलेरिया झाला होता! तोही औषधाला दाद न देणारा. येरवड्यानं चिमट्याचा स्क्रू काढला आणि स्प्रिंगखालच्या खोबणीतून गंजासारखी तांबूस पूड पांढऱ्या कागदावर सांडली. ते वाळलेलं रक्त होतं. बाईंनी ओळखलं कुठलं ते. काही दिवसांपूर्वी कॉलेजची मुलं संस्था बघायला आली होती. त्यांना चकती कशी कापतात हे दाखवताना बाईंनी कंडक्टर वडिलांची गोष्ट सांगितली आणि त्याच चिमट्यानं ताडून बघण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवलेल्या, पहिल्या औषधाची खूण असलेल्या परजीवीच्या रक्ताचा वाळवलेला नमुना कापून दाखवला. त्या नमुन्याला वेगळा पंच वापरायचा, हा नियम बाईंनीच केलेला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर त्यांनी चिमटा नेहमीसारखा पुसला, ज्योतीवर धरला, पण खोबणीपर्यंत ज्योत पोचली नाही.

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढला. मला वाटलं, रडतात की काय. पण त्या म्हणाल्या, "प्रत्येक कागदावर आणखी थेंब आहेत ना? उद्या नवा पंच, कोरा कागद आणि पाणी. सगळं पहिल्यापासून." मग येरवड्याकडे बघून म्हणाल्या, "स्क्रू हरवू नका हो."

दुसऱ्या वेळचा निकाल लखलखीत होता. पहिल्या औषधाची खूण कुठेच नाही. ते शाबूत होतं. पण दुसऱ्या औषधाच्या खुणा जवळजवळ प्रत्येक कागदात, एकेकात कितीतरी. केर निघत होता, फरशी पुसलीच जात नव्हती. म्हणूनच ताई दोन दिवसांत उठत होती आणि महिन्याभरात पडत होती. यात जगभर गाजण्यासारखं काही नव्हतं, पण ताईच्या तापाचं उत्तर होतं.

बाई संचालकांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाले, "बाई, समिती परवावर आली आहे. आपण असं म्हणू की नमुने वाटेत खराब झाले. तिकडचं ऊन, तिकडची दमट हवा, नवखा डॉक्टर. कुणाचंच नाव जाणार नाही. तुमची मुदतवाढही राहील. नंतर सावकाश नवे नमुने मागवू."

बाई म्हणाल्या, "आणि नंतर त्यानं पाठवलेले कागद उघडणार कोण? आधीच त्याला सांगतात की लोक गोळ्या खात नाहीत. आता म्हणणार, याला थेंबही नीट घेता येत नाही."

"तुम्ही फार विचार करता."

"साहेब," बाईंचा आवाज खाली आला, चष्मा वर गेला. "आपण थोर आहात."

साहेबांना या वाक्याचा अर्थ नीट ठाऊक होता. त्यांनी लोटलेलं दार स्वतःच उघडलं.

समितीच्या बैठकीत मोठ्या टेबलाभोवती सगळे सुटाबुटात बसले होते. बाई नेहमीच्या सुती साडीत. त्यांनी उभं राहून पर्समधून रुमाल काढला, उलगडला आणि सुटा केलेला चिमटा टेबलावर मांडला. दोन पाती, स्प्रिंग, स्क्रू. म्हणाल्या, "हा माझ्या वडिलांचा. तुम्हाला कळवलेली पहिल्या औषधाची खूण रुग्णांत नाही, या खोबणीत होती. नियम मी केला आणि मीच मोडला. नमुने उत्तम होते. इतके नीट वाळवलेले कागद माझ्याकडे फार थोड्या डॉक्टरांकडून आले आहेत. हे कामकाजात लिहून घ्या."

साहेब हातातल्या पेनाकडे बघत होते. समितीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ, ज्यांच्या खडूसपणाचे किस्से आम्ही ऐकून होतो, ते म्हणाले, "मग आम्हाला एवढ्या लांब बोलावलंत कशाला? उरलं काय?"

"उरलं ते आता दाखवते," बाई म्हणाल्या. "आधी पाणी. मग कोरा कागद. मग रुग्ण."

आणि त्यांनी दाखवलं. एकेक आलेख, एकेक खूण, पहिल्या तापाचा परजीवी आणि परतलेला परजीवी शेजारी शेजारी. त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. ते खडूस गृहस्थ प्रश्न विचारत गेले आणि बाई उत्तरं देत गेल्या. शेवटी त्यांनी पुढ्यातला चिमट्याचा तुकडा उचलून बघितला, जागच्या जागी ठेवला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "यांनी स्वतःला एवढं तपासलंय, की मला विचारायला काही शिल्लक ठेवलेलं नाही." त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो माझ्या स्वतःच्या पदवीच्या दिवशीही वाटला नाही. मी चांद्याची पोरगी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, आणि मला उभं राहून ओरडावंसं वाटत होतं की या आमच्या बाई आहेत, आमच्या!

पत्रकार परिषद झाली नाही. मुदतवाढ आली नाही. निरोप समारंभात साहेबांनी शाल दिली आणि बरंच चांगलं बोलले, मनापासून बोलले असं मला वाटलं. बाईंनी उत्तरादाखल "सगळ्यांनी मागून पुढे येऊ नये" एवढंच सांगितलं आणि बटाटेवडा घ्यायला गेल्या.

बाकीचं मला त्या साताऱ्याच्या डॉक्टरकडून कळलं. त्यानं आपला अर्ज पुन्हा वर पाठवला, सोबत आमचा दुसरा निकाल जोडून. या वेळी कुणी म्हणालं नाही की लोक गोळ्या सोडतात. काही काळानं त्या पट्ट्यात जोडीतलं दुसरं औषध बदलून आलं. त्यात आमचा वाटा किती, देव जाणे. असल्या गोष्टी एका कागदानं होत नाहीत, दहा ठिकाणचे दहा कागद लागतात. पण डॉक्टर फोनवर मला म्हणाला, "तुमच्या मॅडमनी नमुने खराब होते असं म्हटलं असतं ना, तर माझा अर्ज कुणी उघडलाही नसता."

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ताईला पुन्हा ताप आला. या वेळी नव्या जोडीच्या गोळ्या. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "बरी आहो मी आता. शाळेत चालली." मला राहवेना. मी तडक नारायण पेठेत बाईंना फोन लावला आणि आनंदानं सांगितलं की ताप उतरला. पलीकडून आवाज आला, "अहो चांदा, ताप तर मागेही उतरत होता. महिन्यानं फोन करा."

इतका राग आला मला! माणसानं थोडं तरी खूश व्हावं की नाही? पण महिनाभर मी मोजत राहिले. ताई शाळेत जात होती. डॉक्टरनं बोलावून तिचं रक्त पुन्हा घेतलं, स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि मला कळवलं. मी बाईंना फोन केला.

"महिना झाला, बाई. रक्त तपासलं. एकही नाही."

"कुणी बघितलं?"

"डॉक्टरनी, स्वतः. दोन वेळा."

"ताई कशी आहे?"

"टेकडीवरच्या पाड्यापर्यंत चालत जाते पोरं गोळा करायला. धाप लागत नाही म्हणाली."

पलीकडून त्यांचा आवाज आला, फार बारीक आणि ओला. इतक्या वर्षांत मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"पुन्हा सांग गं."

मी पुन्हा सांगितलं.